मावशींचा माफीचा डबा

सिल्वासात आजवर एकाही माणसाला माझ्या बायकोच्या मावशींकडून तोंडी माफीवर सुटका मिळालेली नाही. दूधवाला असो, बसचा कंडक्टर असो, बँकेतला साहेब असो, "चुकलं मावशी" एवढं म्हणून जो निघू पाहील त्याच्यापुढे वहीतून फाडलेला एक कागद आणि पेन यायचं. "लिहून द्या. तोंडचं काय, बाहेर पडलात की विसराल." मावशी मूळच्या राजापूरकडच्या. लग्न केलं नाही, नोकरीसाठी इथे आल्या आणि पस्तीस वर्षं इथल्या मराठी शाळेत शिकवत राहिल्या. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. फक्त वर्ग गावभर पसरला. माफीपत्राचे त्यांचे नियम ठरलेले होते. काय केलं ते लिहायचं, नुकसान कोणाचं झालं ते लिहायचं आणि पुन्हा करणार नाही हे लिहायचं. यातलं तिसरं वाक्य नसेल तर कागद परत. पास झालेले कागद बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जात. माझ्या बायकोचं वयाच्या नवव्या वर्षीचं माफीपत्र त्यात होतं: "मी मावशीच्या तांब्यात बेडूक ठेवला. नुकसान मावशीचे झाले. बेडकाचेही झाले. पुन्हा ठेवणार नाही." बेडकाच्या वाक्याखाली मावशींनी लाल पेन्सिलीने "छान" असं लिहिलेलं होतं.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. म्हणोत. मी त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा पाहिला नाही, आणि सरळ माणूस वाकड्या रस्त्यावरून चालू लागला की तो विक्षिप्त दिसणारच. रस्त्यावरून आठवलं. अथालकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला फूटपाथ असायला हवा होता, तो नव्हता. मावशींचं म्हणणं असं की, फूटपाथ नाही ही माझी चूक नव्हे, तेव्हा मी चालायची थांबणार नाही. त्या रस्त्याच्या कडेपासून बरोबर चार पावलं आत, छत्री काठीसारखी टेकत चालायच्या. मागे कारखान्यांचे ट्रक तुंबायचे. एकदा एका ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "मौसीजी, मरना है क्या?" मावशी वळल्या, छत्रीने त्याच्या गाडीवर मागे रंगवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणाल्या, "हॉर्न वाजवा असं तू मागे लिहितोस. पुढच्याने काय करावं ते कुठे लिहिलंयस?" त्याचंही माफीपत्र डब्यात गेलं, हिंदीत, आणि त्यातल्या चुकाही दुरुस्त केलेल्या होत्या.

कुठलाही छापील कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. औषधाच्या पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी, बसच्या तिकिटाची मागची बाजू, बँकेचा फॉर्म, सगळं. त्या बँकेत गेल्या की मागच्या रांगेतले लोक निवांत खाली बसायचे. भाजीवाला त्यांच्याशी गुजरातीत बोलायचा, त्या त्याच्याशी मराठीत. तीस वर्षांत दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही, आणि माझ्या लग्नात तो भाजीवाला मावशींच्या बाजूचा पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसला होता.

आता माझ्याबद्दल थोडं लिहायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. मी खडोलीच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. तिथे प्लास्टिकचे तुकडे रोलरमधून दाबून पुढे काढायचं मशीन होतं. रोलरवर हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असायची. माल अडकला की जाळी उघडा, साफ करा, पुन्हा लावा. त्यात वेळ जायचा आणि वरून मला बोलणी बसायची. एके दिवशी मी सुकलालला म्हणालो, "जाळी काढूनच ठेव. सारखं उघडबंद करत बसू नकोस." सुकलाल नंदुरबारकडचा, शांत, सांगितलेलं ऐकणारा. तिसऱ्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. संध्याकाळी मॅनेजरने अपघाताचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि मी त्यात हिंदीत एक ओळ लिहिली, की कामगाराने जाळी स्वतःहून काढली होती. खाली सही केली. सही कोणाला वाचता येऊ नये अशीच करायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या एका ओळीमुळे सुकलालची भरपाई अडली. मी नोकरीवर राहिलो.

त्यानंतर मी फार चांगला माणूस झालो. म्हणजे तसं दिसावं यासाठी धडपडू लागलो. मावशी दर रविवारी अथालच्या बाजारात चिंचेखाली सतरंजी टाकून बसायच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांचे अर्ज लिहून द्यायच्या. हळूहळू त्यांच्याभोवती आम्ही सहा जण जमलो. एक मेडिकलवाले शाह, एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन शिक्षिका, आणखी एक जण आणि मी. हरवलेलं ओळखपत्र, न मिळालेली सुट्टी, चुकीचं लागलेलं नाव, काय वाटेल ते आम्ही लिहायचो. मी सगळ्यात जास्त लिहायचो. मावशी माझा कागद वाचून म्हणायच्या, "जावईबापू, तुमच्या 'म'ला शेपूट फार. माणूस घाबरून पळतोय असं वाटतं." मी हसायचो. एका रविवारी बाजाराच्या टोकाकडून सुकलाल येताना दिसला. उजवा हात खिशात घातलेला. मी उठलो, पोट दुखतंय म्हटलं आणि मागच्या वाटेने घरी गेलो.

त्या दिवशी मावशींनी त्याचा अर्ज लिहिला. अर्जाला जोडायला त्याने रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स आणली होती. हे मला नंतर कळलं. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या रविवारपासून मी सतरंजीवर बसलो की विचारायच्या, "पोट कसं आहे?" मी "बरं आहे" म्हणायचो. आठ महिने हे चाललं. दर रविवारी सुकलाल यायच्या आधी काहीतरी निमित्त काढून मी उठायचो, कारण त्या त्याला डाव्या हाताने लिहायला शिकवत होत्या. आणि दर रविवारी माझ्या पोटाची चौकशी व्हायची, तीही शाहभाईंसमोर. ते बिचारे मला हिंग आणून द्यायचे.

अशात आमच्या मंडळाला गावाबाहेरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं. नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना तक्रार लिहून घ्यायचा सराव हवा होता. एरवी तेच एकमेकांपुढे तक्रारदार व्हायचे आणि हसत सुटायचे. तिथल्या साहेबांना वाटलं, बाहेरची साधी माणसं एक दिवस आली तर मुलं नीट शिकतील. आम्ही शाहभाईंच्या गाडीतून सकाळीच निघालो. फाटकावर पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे केलं. मावशींनी आधी ते पहिल्या पानापासून वाचलं. मग 'येण्याचे कारण' या रकान्यात, जिथे आम्ही सगळ्यांनी 'भेट' लिहिलं होतं, तिथे त्यांनी ठसठशीत अक्षरात 'तपासणी' लिहिलं. पहारेकऱ्याने ते वाचलं आणि पाय आपटून सलाम ठोकला. पुढे प्रत्येक दारावर तो निरोप आमच्याआधी पोचलेला होता.

सकाळी आम्हाला कवायत दाखवली. मैदानावर ऊन चढलं होतं आणि उस्ताद, म्हणजे तिथले कवायत शिकवणारे, जोरात हुकूम देत होते. मावशी छत्री उघडून ओळीच्या अगदी जवळून चालत गेल्या आणि एका उंच मुलापाशी थांबल्या. "जेवलास का?" हुकूम सुटेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून तो समोर बघत उभा राहिला. "बघा, उपाशी आहे," मावशी उस्तादांना म्हणाल्या. उस्ताद म्हणाले, "मॅडम, नाश्ता हो गया सबका." "मग बोलत का नाही?" "परेड में बोलना मना है." मावशी विचारात पडल्या. "पस्तीस वर्षं मी हेच शिकवायचा प्रयत्न केला," त्या म्हणाल्या, "मला एकदाही जमलं नाही. तुम्ही कसं केलंत?" उस्तादांना हसू आवरेना. दुपारी मुलांसोबत पंगतीत डाळभात झाला, तेव्हा ते स्वतः मावशींना वाढत होते.

जेवणानंतर खरं काम. एका लांब खोलीत सात टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक शिकाऊ शिपाई, समोर आमच्यातला एकेक जण. आमच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. कोणाची मोबाइल चोरी, कोणाचं शेजाऱ्याशी भांडण. ते वाचून आम्ही तक्रार सांगायची आणि समोरच्याने ती लिहून घ्यायची. इथे आमच्या लोकांनी घोटाळा केला, आणि तो आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झाला नसता. दर रविवारी दुसऱ्याचं ऐकून लिहायची सवय. समोरचा मुलगा शब्दासाठी अडला की आमचा माणूस म्हणायचा, "आणा इकडे." पाच मिनिटांत पाच टेबलांवर पेन आमच्याकडे आलं. दहा मिनिटांत मुलं सांगू लागली आणि आम्ही लिहू लागलो. उस्ताद फेरी मारून आले तेव्हा पोस्टातले गृहस्थ, बूट चावतात म्हणून माप बदलून मिळण्याबाबतचा अर्ज संपवत होते. शाहभाई एका मुलीसाठी बहिणीच्या लग्नाची रजा मागत होते. मी स्वतः एकाचं आडनाव दुरुस्त करून देत होतो. उस्तादांनी कपाळाला हात लावला. "आप लोग फरियादी हो," ते म्हणाले, "फरियाद करो ना."

फरियाद करत होत्या त्या एकट्या मावशी. पण चिठ्ठीतली नव्हे. त्यांच्या चिठ्ठीत सायकल चोरीला गेली असं होतं. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि समोरच्या मुलीला परत दिली. "माझ्याकडे सायकल कधीच नव्हती."

"मॅडम, ये तो बस नाटक है," उस्ताद म्हणाले.

"नाटकात सही करायला लावत नाहीत. इथे खाली सहीची जागा आहे. खोट्याखाली मी सही करत नाही. खरी देते, ती लिहून घेऊ दे तिला."

उस्तादांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. ती मुलगी आदिवासी पाड्यावरची असावी, वीस-बावीस वर्षांची, अक्षर वळणदार. मावशी सांगू लागल्या. कारखाना, मशीन, रोलर, सुकलालचं पूर्ण नाव, वय, चार बोटं. मी पाठमोरा बसलो होतो. माझ्या हातातलं पेन आडनावाच्या मधल्या अक्षरावर थांबलं.

"आपने देखा था?" मुलीने विचारलं.

"नाही."

"फिर गवाह कौन है?"

मावशींनी छत्री उचलली. "तो निळा शर्ट. आमचे जावई."

मी हसून म्हणू शकलो असतो की मावशींना गंमत करायची सवय आहे. सगळ्यांनी मानलंही असतं. मी वळून पाहिलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या कागदाकडे बघत होत्या, मुलगी नीट लिहिते आहे की नाही ते. मुलगी मला म्हणाली, "सर, इधर बैठिए." मी जाऊन मावशींच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. तिने नाव विचारलं, काम विचारलं. मग शिकवल्याप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, "जाली किसने निकाली?"

खरं सांगतो, इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मॅनेजरने नाही, तपासायला आलेल्यांनी नाही, बायकोने नाही. मी रोज सकाळी दाढी करताना त्याची वेगवेगळी उत्तरं तयार करायचो. बाजारात सगळ्यांचे अर्ज लिहायचो ते त्याच प्रश्नापासून पळण्यासाठी. आणि तो एका पोरीने विचारला, पेन हातात धरून, उत्तर लिहून घ्यायला तयार.

"काढायला मी सांगितली," मी म्हणालो.

"और रजिस्टर में?"

"खोटं लिहिलं. मीच."

तिने लिहिलं. मग नियमाप्रमाणे सगळं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का. बरोबर होतं. मी सही केली. ती सही वाचता येत होती. उस्ताद खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "सर, ये कागज तो फाड़ना पड़ेगा. प्रॅक्टिस का है. इसका कुछ नहीं होगा."

"फाडा," मावशी म्हणाल्या. "आता त्यांना पाठ झालं आहे."

परत येताना शाहभाई उगाच हॉर्न वाजवत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना मावशींनी विचारलं, "पोट कसं आहे?"

मी म्हणालो, "तुम्हाला कसं कळलं?"

"रजिस्टरच्या झेरॉक्समध्ये 'म' होता," त्या म्हणाल्या आणि छत्री टेकत निघून गेल्या.

सोमवारी मी कामगार कार्यालयात गेलो आणि पाठ झालेलं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न फाडायच्या कागदावर. मॅनेजरने बोलावून विचारलं, तुम्हाला कोणी भडकवलं. मी म्हणालो, सत्तरीच्या एका बाईने, छत्रीने. त्यांना ते उद्धट वाटलं. वाटू दे. आठवड्याभरात मी घरी बसलो. आता मसाटला एका गोदामात आहे, खोकी मोजून चिकटपट्टी लावतो, आणि तिथे जाळी असलेलं काहीही दिसलं की आधी ती जागेवर आहे का ते पाहतो. लोक म्हणतात, म्हातारीच्या नादाला लागून चांगली नोकरी घालवली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सुकलालचा अर्ज पुन्हा उघडला गेला, ती ओळ रद्द झाली, आणि साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव आहे. भरपाईचा निकाल अजून यायचाय. येईपर्यंत प्रत्येक तारखेला मी जातो.

मी माफीपत्रही लिहिलं होतं. नियमाप्रमाणे तीनही गोष्टी घालून मावशींकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, लाल पेन्सिलीने दोन चुका काढल्या आणि कागद मला परत दिला. "हा माझ्या डब्यातला नाही. ज्याचा आहे त्याला नेऊन द्या." मी अथालला सुकलालच्या खोलीवर गेलो. त्याने डाव्या हातात कागद धरून सावकाश वाचला. मग म्हणाला, "साहेब, मले हे माहीतच व्हतं. मी तिथंच व्हतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो व्हतो. तुमचं लिहेल व्हतं, मनं नुसतं बोलेल व्हतं."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. पेन मागून घेतलं आणि माझ्या कागदाखाली, डाव्या हाताने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्याने लिहिलं, "मिळाले." खाली सही. मग बायकोला चहा टाकायला सांगितलं. तेवढंच माझ्या वाट्याला आलं, आणि ते माझ्या लायकीपेक्षा जास्तच होतं.

या वर्षी मावशींचे गुडघे गेले आणि त्यांना राजापूरला भावाकडे जावं लागलं. जाण्याआधी आठवडाभर त्या रिक्षाने गावभर फिरल्या आणि ज्याचं त्याला माफीपत्र परत केलं. दूधवाल्याला, कंडक्टरला, बँकेच्या साहेबांना. "माझ्याकडून फिटलं," एवढंच म्हणायच्या. भाजीवाला त्यांच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलला, आणि त्या त्याच्याशी गुजरातीत. मग दोघेही ओशाळले. बेडकाचं माफीपत्र माझ्या बायकोने फ्रेममध्ये लावलं आहे. रिकामा डबा निघताना त्यांनी माझ्या हातात दिला. "रविवारी लागेल," म्हणाल्या. चिंचेखालची सतरंजी आता मी टाकतो. माझा 'म' अजून पळतो. पण तिथे आता माझ्याकडे पोटाची चौकशी करणारं कोणी नाही. कधी कधी सतरंजी झटकताना मी आपला मनातच "बरं आहे" म्हणून टाकतो.

डबा रिकामा नव्हता, हे मला दोन दिवसांनी कळलं. तळाशी वहीतला एक कागद होता, मावशींच्या अक्षरात. "जावईबापूंना परक्या लोकांसमोर उभे केले. नुकसान त्यांच्या अब्रूचे व नोकरीचे झाले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

त्यांच्याच नियमाने हा कागद नापास व्हायला हवा. मी तो डब्यात ठेवून झाकण लावलं आहे.